मेंढीची कच्ची लोकर : बागेचे खत आणि व्यापाऱ्याचा हिशोब

एका धंद्यात टाकाऊ म्हणून जो माल बाजूला सारला जातो, तोच दुसऱ्या धंद्याचे भांडवल ठरतो, हे आपल्या व्यापारी व कारागीर बंधूंना नव्याने सांगायला नको. चिंध्यांपासून कागद होतो, हाडांचा चुरा शेतात जातो, लाकडाच्या भुशावर भट्टी चालते आणि सुताच्या कचऱ्यातून गाद्या-उशा भरल्या जातात. मेंढीची कच्ची लोकरही आज याच रांगेत येऊन उभी आहे. तिला घेणारा कोणी नाही म्हणून ती रानात टाकली जाते, आणि दुसरीकडे युरोप-अमेरिकेत याच लोकरीच्या लहान गोळ्या करून बागेचे खत म्हणून पाकिटातून विकल्या जातात.

ही बातमी कानावर आल्यापासून काही बंधू आम्हाला विचारू लागले आहेत की, हा माल आपणही का उचलू नये? प्रश्न योग्य आहे. पण बातमी ऐकून गाडी भरून माल आणणे हा व्यापार नव्हे. माल काय आहे, त्यातून गिऱ्हाईकाला काय मिळते आणि आपल्या हातात काय उरते, या तीन गोष्टी आधी समजून घेतल्या पाहिजेत. आम्ही कापडवाले असल्यामुळे लोकरीच्या धाग्याची थोडीफार ओळख आम्हाला आहे. त्या ओळखीच्या आधारे हा विषय येथे मांडत आहोत.

लोकरीत असते काय?

उर्दूत आपण जिला ऊन म्हणतो, ती लोकर म्हणजे आपल्या केसांसारखेच एक प्रथिन आहे. त्याचे नाव केराटिन. प्रथिन म्हटले की त्यात नत्र आलेच. धुतलेल्या, कोरड्या, स्वच्छ लोकरीत वजनाच्या सुमारे १६ टक्के नत्र आणि ३ ते ४ टक्के गंधक असते. मेंढीच्या अंगावरून कातरलेली लोकर मात्र एवढी स्वच्छ नसते. तिच्यात माती, लेंडीचे कण, अंगचे तेल आणि घामाचे क्षार असतात. म्हणून कच्च्या लोकरीत १० टक्क्यांच्या आसपास नत्र धरून चालणे हिशोबाला बरे.

ही मात्रा लहान नव्हे. चांगल्या शेणखतात नत्र साधारण अर्धा टक्का असते. म्हणजे नत्रापुरते बोलायचे तर एक किलो कच्ची लोकर वीस किलो शेणखताच्या बरोबरीची झाली. अर्थात शेणखत जमिनीला जो भुसभुशीतपणा आणि इतर द्रव्ये देते ती सारी लोकर देत नाही, हेही विसरता कामा नये. मेंढीच्या घामाच्या क्षारांत पालाश भरपूर असते. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये लोकर धुतलेल्या पाण्यापासून पालाश वेगळे काढण्याचा उद्योगच चालत असे. स्फुरद मात्र लोकरीत नावापुरतेच आहे. तेव्हा ‘लोकर टाकली की दुसरे खत नको’ असे जो सांगेल त्याच्यावर विश्वास ठेवू नये. स्फुरदासाठी हाडांचा चुरा किंवा दुसरे काही द्यावेच लागते.

लोकरीचा दुसरा गुण पाण्याचा आहे. तिच्या तंतूच्या आत, हाताला ओले न लागता, तिच्या वजनाच्या सुमारे एक तृतीयांश ओलावा मुरतो. शिवाय तंतूंच्या मधल्या पोकळीत पाणी धरून राहते ते वेगळेच. उन्हाळ्यात कुंडीतील माती दुपारपर्यंत भाजून निघते. अशा ठिकाणी या गुणाची किंमत नत्रापेक्षाही जास्त ठरते.

तिसरी गोष्ट वेळेची. केराटिनच्या साखळ्या गंधकाच्या बंधांनी आवळलेल्या असतात. म्हणून लोकर लवकर कुजत नाही. जमिनीतील जिवाणू आणि बुरशी तिला हळूहळू फोडतात आणि नत्र कित्येक महिने थोडे थोडे सुटत राहते. युरिया पहिल्याच पाण्याला विरघळतो आणि पाऊस जास्त झाला तर बराचसा वाहून जातो. लोकरीचे तसे होत नाही. पण हाच गुण उलटही पडतो. पिवळ्या पडलेल्या पिकाला आठ दिवसांत हिरवे करायचे असेल तर लोकर कामाची नाही. जमीन कोरडी असेल तर जिवाणू काम करीत नाहीत आणि लोकर वर्षभर जशीच्या तशी पडून राहते.

यॉर्कशायरचा जुना धडा

लोकरीचे खत ही कालपरवाची कल्पना नव्हे. लोकरीच्या गिरण्यांच्या प्रदेशात ती फार पूर्वीपासून रुळलेली आहे, आणि त्या इतिहासात आपल्यासाठी धडा आहे.

इंग्लंडच्या यॉर्कशायर परगण्यात बॅटली नावाचे गाव आहे. तेथे १८१३ साली बेंजामिन लॉ या माणसाने लोकरीच्या चिंध्या फाडून, त्यांचे तंतू मोकळे करून पुन्हा सूत काढण्याची रीत बसवली. या मालाला शॉडी म्हणतात. आज आपल्या देशात हरियाणातील पानिपत याच धंद्यासाठी प्रसिद्ध आहे. बॅटली आणि शेजारचे ड्यूसबरी ही दोन गावे या धंद्यावर वाढली. पुढे १९५० आणि १९६० च्या दशकांत गुजरात व पाकिस्तानातून गेलेले अनेक मुसलमान याच भागातील गिरण्यांत कामाला लागले आणि त्यांची वस्ती तेथे आजही आहे.

गिरणीत चिंध्या फाडताना जी धूळ आणि आखूड तंतू खाली पडत, त्यांचे सूत होत नसे. हा कचरा जवळचे शेतकरी उचलीत. वेकफिल्ड, मॉर्ली आणि रॉथवेल यांच्या मधल्या पट्ट्यात रुबार्बची शेती होते. युनानी दवाखान्यात ज्याला रेवंदचिनी म्हणतात, त्याच्याच कुळातील ही भाजी. तिच्या गड्ड्यांना आधी दोन वर्षे उघड्या शेतात भरपूर खायला घालावे लागते आणि मग हिवाळ्यात अंधाऱ्या छपरांखाली तिचे कोवळे देठ वाढवले जातात. दोन वर्षे हळूहळू नत्र देणारे खत त्यांना हवे होते आणि लोकरीचा कचरा नेमका तसाच होता. केंट परगण्यातले हॉप्सचे बागायतदारही शॉडीचे खत वापरीत. यॉर्कशायरच्या या रुबार्बला २०१० साली युरोपीय संघाकडून आपल्याकडच्या भौगोलिक मानांकनासारखे संरक्षण मिळाले.

यातला धडा कोणता? तेथे हे खत चालले, कारण गिरणी आणि शेत यांच्यामध्ये अंतर थोडे होते, माल कचऱ्याच्या भावाने मिळत होता आणि पीक असे होते की ज्याला सावकाश मिळणारे नत्रच हवे होते. या तीन गोष्टी जुळल्या म्हणून धंदा टिकला. यापैकी एक जरी निसटली तरी हिशोब बिघडतो.

त्याच ब्रिटनमध्ये २०२० साली, कोरोनाच्या काळात, लोकरीचा भाव इतका पडला की कातरण्याची मजुरीही निघेना. काही मेंढपाळांनी लोकर जाळली, काहींनी शेतातच कुजत टाकली. खताच्या गोळ्या करण्याकडे अनेकांचे लक्ष वळले ते अशाच परिस्थितीत.

आपल्याकडची लोकर

महाराष्ट्रात २०१९ च्या पशुगणनेप्रमाणे सुमारे २७ लाख मेंढ्या आहेत. नगर (आताचे अहिल्यानगर), पुणे, सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर या जिल्ह्यांत धनगर बंधूंचे कळप फिरतात. त्यांची दख्खनी मेंढी मुख्यतः काळ्या रंगाची असते आणि तिची लोकर जाड, राठ असते. एका मेंढीपासून वर्षाला साधारण अर्धा किलो लोकर मिळते. या लोकरीपासून सणगर कारागीर घोंगडी विणीत. गिरणीच्या रगांनी आणि कृत्रिम धाग्याच्या स्वस्त ब्लँकेटांनी घोंगडीचा बाजार खाल्ला, तेव्हापासून लोकरीला उठाव राहिला नाही. स्वेटरच्या धाग्याला ती चालत नाही, कारण ती अंगाला टोचते.

आज दख्खनी मेंढी पाळली जाते ती मटणासाठी. सांगली भागातील माडग्याळी जातीच्या मेंढीला लोकर जवळजवळ नसतेच आणि मटणासाठी तिला मागणी चांगली आहे. पण ज्या मेंढीला लोकर आहे तिची कातरणी वर्षातून दोनदा करावीच लागते. न केल्यास मेंढी उकाड्याने आणि गोचिडांनी हैराण होते. म्हणजे मजुरी धनगराच्या अंगावर आणि लोकर उकिरड्यावर, अशी आजची स्थिती आहे. तेव्हा माल उपलब्ध आहे आणि स्वस्त आहे, यात शंका नाही. जो धनगर शेतकऱ्याच्या रानात मेंढरे बसवून लेंडीखत देतो, त्याच्याच कळपाची लोकरही जमिनीला उपयोगी पडू शकते.

मालाची पारख

खतासाठी लोकर घेताना लांबी आणि रंग पाहण्याचे कारण नाही. पोटाखालची, पायांची, शेपटाजवळची मळकट लोकर येथे उत्तम चालते. पण पुढील गोष्टी कटाक्षाने पाहाव्यात.

पहिली, भेसळ. रगांच्या व स्वेटरच्या कारखान्यातील कचऱ्यात ॲक्रिलिक, पॉलिस्टर, नायलॉन मिसळलेले असते. ते जमिनीत कधीच कुजत नाही. प्लॅस्टिकचे तंतू म्हणून राहते. कापडवाल्याची जुनी परीक्षा येथेही लागू पडते. चिमूटभर माल चिमट्यात धरून पेटवावा. लोकर कशीबशी जळते, ज्योत काढली की विझते, जळक्या केसांचा वास येतो आणि मागे राहणारी काळी राख बोटांनी चुरडली जाते. कृत्रिम धागा वितळतो आणि थंड झाल्यावर त्याचा कडक मणी होतो. मणी लागला तर माल परत करावा. म्हणूनच पानिपती शॉडीचा कचरा किंवा जुन्या स्वेटरांच्या चिंध्या या कामासाठी घेऊ नयेत.

दुसरी, रोग. मेलेल्या किंवा आजारी मेंढीची लोकर कोणत्याही भावाने घेऊ नये. अँथ्रॅक्स, ज्याला आपल्याकडे काळपुळी किंवा फाशी म्हणतात, त्याचे बीज लोकरीत वर्षानुवर्षे जिवंत राहते. एकोणिसाव्या शतकात यॉर्कशायरच्याच ब्रॅडफर्ड शहरात लोकर निवडणारे अनेक कामगार या रोगाने दगावले आणि तेथे या रोगाला लोकर निवडणाऱ्यांचा आजार असेच नाव पडले. तेव्हा माल ओळखीच्या, निरोगी आणि लस टोचलेल्या कळपाचाच घ्यावा. हाताळणाऱ्याने हातमोजे घालावेत, तोंडाला फडके बांधावे, धनुर्वाताचे इंजेक्शन घेतलेले असावे. चार पैशांसाठी कारागिराच्या जिवाशी खेळ होता कामा नये.

तिसरी, औषध. गोचिडांसाठी मेंढ्यांना औषधाने आंघोळ घालतात. अशी आंघोळ नुकतीच झाली असेल तर ती लोकर भाजीपाल्याच्या बागेसाठी घेऊ नये. धनगराला सरळ विचारावे. तो खरे सांगतो.

चौथी, कातडीवरची लोकर. कातडी कमावण्याच्या कारखान्यात चुना आणि सल्फाइड लावून जी लोकर उतरवली जाते, तिच्यात ही रसायने राहतात. ती चांगली धुतल्याशिवाय रोपांना घातक ठरते. क्रोम लागलेला माल तर मुळीच घेऊ नये. येथेच कुर्बानीच्या मेंढ्यांचाही उल्लेख करणे जरूर वाटते. कातड्यांचे भाव गेल्या काही वर्षांत कोसळल्यामुळे त्यांवरील लोकर तरी उपयोगात आणावी, असे काहींना वाटते. परंतु कुर्बानीसाठी ठरवलेल्या जनावराची लोकर आधी कातरू नये आणि नंतरही कातडी-लोकरीच्या विक्रीच्या पैशाचा मसला आपल्या उलमांना विचारून घ्यावा.

पाचवी, बी. लोकरीत गोखरू, कुसळे आणि गवताचे बी अडकलेले असते. ते निवडून काढले नाही तर गिऱ्हाईकाच्या कुंडीत आधी तण उगवेल आणि पाकीट विकणाऱ्याचे नाव निघेल.

आणि एक सूचना कापडाच्या दुकानदारांना. कच्च्या लोकरीला कसर फार लवकर लागते. हा माल कापडाच्या, गालिच्यांच्या किंवा शालींच्या गोदामात एक रात्रही ठेवू नये. खताच्या दोन पोत्यांपायी शालींचा गठ्ठा गमावणे हा फार महागाचा सौदा होईल.

वापरण्याची रीत

गिऱ्हाईकाला वापरता आले नाही तर चांगला मालही बदनाम होतो. म्हणून विकणाऱ्यानेही ही रीत पाठ करून ठेवावी.

१) लोकर आधी मोकळी करावी आणि कात्रीने बोट-दीड बोट लांबीचे तुकडे करावेत. गठ्ठा तसाच पुरला तर त्याचा नमदा बनतो आणि पाणीही आत शिरत नाही.

२) कोरड्या कच्च्या लोकरीवरचे तेल पाणी झिडकारते. म्हणून वापरण्यापूर्वी ती रात्रभर साध्या पाण्यात भिजवावी. साबण किंवा सोडा टाकू नये. ते पाणी फेकू नये. त्यात पालाशाचे क्षार उतरलेले असतात. त्यात चार-पाच पट साधे पाणी मिसळून झाडाच्या बुंध्याशी घालावे.

३) कुंडीसाठी मातीच्या प्रत्येक लिटरमागे ३ ते ५ ग्रॅम लोकर पुरे. बारा लिटर मातीच्या कुंडीला ४० ते ६० ग्रॅम, म्हणजे जेमतेम एक भरगच्च मूठ. ती मातीत सारखी मिसळावी. जास्त घातल्याने जास्त फायदा होत नाही. उलट नत्राच्या आणि क्षारांच्या माऱ्याने कोवळी रोपे करपतात. बी पेरायच्या ट्रेमध्ये लोकर वापरूच नये.

४) फळझाडाच्या खड्ड्यात लोकर मुळाला चिकटून न ठेवता बाजूने आणि खाली, मातीत मिसळून घालावी. वाढलेल्या झाडाच्या आळ्यात ती पातळ पसरून वरून दोन बोटे माती किंवा पालापाचोळा टाकावा. उघडी ठेवल्यास वारा उडवतो, पक्षी घरट्यासाठी नेतात आणि वासाने कुत्री उकरतात.

५) वेळ पावसाळ्याच्या तोंडाची उत्तम. मृगाच्या आधी घातलेली लोकर ओल आणि ऊब मिळून लवकर कुजू लागते. पाणी साचून राहणाऱ्या भारी काळ्या जमिनीत मात्र लोकर खोल पुरू नये. वरच्या थरातच राहू द्यावी.

६) घरी कंपोस्ट करणाऱ्याने लोकर पातळ थरांत, उसाचे पाचट, भुसा किंवा वाळलेली पाने यांच्यामध्ये घालावी. लोकरीत नत्र जास्त आणि पाचटात कमी असल्याने दोन्ही मिळून चांगले कुजतात.

लोकरीच्या वासाने गोगलगाई पळतात असे काही ठिकाणी सांगितले जाते. त्या भरवशावर कोणी माल विकू नये. जे गिऱ्हाईकाला दाखवून देता येत नाही ते तोंडाने सांगू नये, हा व्यापाराचा पहिला दंडक होय.

आता हिशोब

येथपर्यंत वाचून ज्यांना वाटले असेल की ही लोकर शेतकऱ्याला ट्रकने विकावी, त्यांनी पुढील आकडे नीट पाहावेत. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत ४६ टक्के नत्र, म्हणजे २०.७ किलो नत्र असते. सरकारी अनुदानामुळे ही गोणी शेतकऱ्याला सुमारे २६७ रुपयांना मिळते. म्हणजे एक किलो नत्र त्याला सुमारे १३ रुपयांना पडले. १०० किलो कच्च्या लोकरीत १० किलो नत्र धरले तर नत्राच्या भावाने त्या साऱ्या लोकरीची किंमत १३० रुपये होते. किलोला एक रुपया तीस पैसे!

लोकर ही जागा खाणारी वस्तू आहे. गाडी भरते पण वजन भरत नाही. नुसते भाडेच या किमतीच्या वर जाईल. तेव्हा ऊस, गहू, कांदा पिकवणारा शेतकरी हे आपले गिऱ्हाईक नाही. त्याच्या बांधावरच मेंढरे कातरली जात असतील तर ती लोकर त्याने फुकट जमिनीत घालावी, यात त्याचा आणि धनगराचा दोघांचाही फायदा आहे. पण तेथे व्यापाऱ्याला जागा नाही.

आपले गिऱ्हाईक वेगळे आहे. शहरातील गच्चीवर, खिडकीत, परसात कुंड्या लावणारे कुटुंब, फुलझाडांची नर्सरी, गुलाब आणि शोभेची झाडे वाढवणारा माळी, हे ते गिऱ्हाईक. त्याला नत्राचा भाव नको असतो. कुंडीला दोन दिवस पाणी कमी लागावे, वास कमी यावा आणि सहा महिने पुन्हा खत घालावे लागू नये, एवढेच त्याला हवे असते. एक किलो लोकर वीस कुंड्यांना पुरते. किलोला ६० रुपये भाव ठेवला तरी त्याला कुंडीमागे ३ रुपयेच पडतात.

आता एक नमुन्याचा हिशोब मांडू. आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत. प्रत्येकाने आपल्या गावचे भाव घालावेत. १०० किलो कच्ची लोकर ८ रुपयांप्रमाणे ८०० रुपये, आणण्याचे भाडे ४०० रुपये, निवडणे-मोकळी करणे-कातरणे यांची मजुरी १२०० रुपये, पाकिटे आणि छपाई ६०० रुपये. एकूण खर्च ३००० रुपये. माती, काटे आणि घाण गेल्यावर ८० किलो माल उरला, म्हणजे एक किलोची ८० पाकिटे. पाकिटाची किंमत ६० रुपये, त्यातून नर्सरीवाल्याचे १५ रुपये गेले, आपल्याला ४५ मिळाले. सर्व ८० पाकिटे विकली गेली तर ३६०० रुपये आले आणि ६०० रुपये नफा झाला. दहा पाकिटे पडून राहिली तर नफा १५० रुपयांवर आला. आणि मुद्दल सुटण्यासाठीच ६७ पाकिटे विकावी लागतात. त्यात नर्सरीवाल्याने उधारी थकवली तर नफा कागदावरच राहिला.

मग हा धंदा करू नये काय? तसे आम्ही म्हणत नाही. या हिशोबातील सर्वात मोठी रक्कम मजुरीची आहे, ती पुन्हा पाहावी. ज्याच्या घरचेच हात हे काम करतात त्याच्यासाठी १२०० रुपये खर्च नसून कमाई आहे. हा धंदा भांडवलवाल्याचा नाही, कारागिराचा आहे.

कोणासाठी हे काम आहे?

आमच्या नजरेसमोर सर्वात आधी पिंजारी बंधू येतात. तयार फोमच्या गाद्यांनी त्यांचे काम किती घटले आहे ते सर्वांना ठाऊक आहे. धागा मोकळा करण्याचे कसब आणि यंत्र दोन्ही त्यांच्याकडे आहे. मात्र ज्या यंत्रावर गिऱ्हाईकाच्या गादीचा कापूस पिंजायचा त्यावर मळकट, तेलकट लोकर घालू नये. दातांत तेल बसते आणि पुढचा कापूस काळा पडतो. जुने यंत्र वेगळे ठेवावे किंवा हातानेच मोकळी करावी. दुसरे, ज्यांची नर्सरी आहे किंवा नर्सरीत ओळख आहे असे बंधू. तिसरे, मेंढ्यांच्या खरेदी-विक्रीत असलेले लोक, ज्यांचा धनगरांशी पिढ्यान्‌पिढ्यांचा व्यवहार आहे. या तिघांनी मिळून काम केले तर बाहेरचे भांडवल लागत नाही आणि दलालही लागत नाही.

गोळ्या बनवण्याच्या यंत्राचा मोह प्रारंभी टाळावा. गोळी वापरायला सोपी आणि वाहतुकीला फार सोयीची असते हे खरे. पण यंत्राचा हप्ता दर महिन्याला येतो आणि कुंड्यांचा मोसम दर महिन्याला येत नाही. आधी कातरलेल्या लोकरीची शंभर पाकिटे रोखीने विकून दाखवावीत, मग यंत्राचा विचार करावा.

कायद्याची एक गोष्ट

आपल्या देशात खत म्हणून माल विकण्यावर १९८५ चा खत नियंत्रण आदेश लागू आहे. हा आदेश १९५५ च्या जीवनावश्यक वस्तू कायद्याखाली येतो आणि तो मोडणे हा साधा अपराध नाही. तेव्हा पाकिटावर ‘खत’ हा शब्द किंवा नत्र-स्फुरद-पालाशाचे आकडे छापण्यापूर्वी जिल्ह्याच्या कृषी कार्यालयात जाऊन लेखी विचारणा करावी आणि लेखीच उत्तर घ्यावे. तोंडी ‘चालेल’ या शब्दावर छपाई करू नये. पाकिटावर खरे वजन, माल कोणत्या वस्तूचा आहे, वापरण्याची रीत आणि आपला पत्ता, एवढे तर स्वच्छ मराठीत असलेच पाहिजे.

सुरुवात कशी करावी?

पहिल्या वर्षी विकूच नये, असा आमचा सल्ला आहे. ओळखीच्या धनगराकडून पाच किलो लोकर आणावी आणि त्याला तिचे पैसे द्यावेत. तो फुकट देत असला तरी द्यावेत, कारण ज्या मालाला आपण किंमत देत नाही तो निवडून, कोरडा ठेवून आपल्याला कोणी देत नाही. आपल्या घरच्या, मदरशाच्या किंवा शेजारच्या शाळेच्या बागेत दहा कुंड्या लोकर घालून आणि दहा न घालता, एकाच जातीच्या रोपांच्या, शेजारी शेजारी ठेवाव्यात. पाणी किती दिवसांनी द्यावे लागते आणि फूल-फळ किती येते याची वही ठेवावी. सहा महिन्यांनी त्या वीस कुंड्याच गिऱ्हाईकाला दाखवाव्यात. त्यांच्यासमोर जाहिरातीची गरज पडणार नाही. आणि फरक दिसला नाही तर आपले फक्त पाच किलो लोकरीचेच पैसे गेलेले असतील.

मोठ्या नफ्याचा हा धंदा नव्हे, हे आम्ही आकड्यांनी दाखवले आहे. पण धनगराला कातरणीची मजुरी सुटावी, हाताला काम नसलेल्या कारागिराला चार महिने मेहनतीची रोजी मिळावी आणि चांगला माल उकिरड्यावर जाऊ नये, एवढे यातून निश्चित साधते. लहान धंद्यात बरकत येते ती खऱ्या मापाने आणि खऱ्या बोलीने. ज्यांना हे काम हातात घ्यायचे आहे त्यांनी आजच धनगराशी बोलणी करावीत आणि येत्या कातरणीच्या आधी वही उघडावी.